उंदराची टोपी की बटणांचा रोबो? लहान मुलांना क्रम शिकवताना

‘मुलगी साडेचार वर्षांची झाली, तिला कोडिंगचा रोबो घेऊ का?’ बालवर्ग चालवत असल्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी चार-पाच पालक तरी विचारतात. मी उलट विचारते, ‘तिला उंदराच्या टोपीची गोष्ट सांगता येते का?’ बहुतेकांना वाटतं, बाई विषय टाळताहेत. पण कोडिंगचा रोबो म्हणजे क्रमाने दिलेल्या आज्ञा पाळणारं खेळणं, आणि क्रम तर गोष्टीतही असतो.

ती गोष्ट आठवून बघा. उंदराला चिंधी सापडते. धोबी ती धुऊन देतो, रंगारी रंगवतो, शिंपी टोपी शिवतो, मग गोंडे लागतात. यातलं काहीही मागेपुढे करून चालत नाही, आणि का चालत नाही ते मूल स्वतः सांगू शकतं. मळकी चिंधी रंगवली तर रंग नीट बसेल का? टोपीच नाही तर गोंडे लावणार कशाला? भोपळ्यातल्या म्हातारीचं वेगळं. तिला जाताना आधी कोल्हा भेटला काय आणि आधी वाघ भेटला काय, गोष्ट अडत नाही. पण परतीच्या वाटेवर तेच प्राणी उलट्या क्रमाने यायला हवेत. इथे मी मुद्दाम चुकते. मोठ्या गटातलं एखादं पोर लगेच ओरडतं.

गोष्टीचा दोष एकच, पण मोठा: ती फार माफ करते. मूल ‘मग... मग...’ करत रंगाऱ्याला गाळतं आणि ऐकणारी आजी तो मनातल्या मनात भरून घेते. शिवाय शंभरदा ऐकलेली गोष्ट मुलं नुसती घोकूनही म्हणतात.

रोबो मात्र काहीच भरून घेत नाही. शाळांमध्ये दिसणारा बी-बॉट घ्या. पाठीवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी बटणं. हवी तितकी दाबायची आणि शेवटी ‘गो’. एका पावलात तो १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे घरातल्या एक फुटी फरशीवर साधारण दोन पावलं. खडूने चौकोन आखले की वेगळी चटई लागत नाही. (सतरंजीवर चालवू नका, वाकडा जातो.)

पहिली ठेच वळणावर लागते. उजवं बटण दाबलं की रोबो उजवीकडच्या घरात जाईल असं मुलांना वाटतं, तो तर जागच्या जागी ९० अंशांत वळतो. पुढे जायला वेगळी आज्ञा लागते. दुसरी ठेच, रोबो तोंड करून आपल्याकडे येत असेल तर त्याचा उजवा म्हणजे आपला डावा. मुलं उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहतात, तेव्हा समजावं की काहीतरी डोक्यात शिरतंय. तिसरी ठेच मोठ्यांनाही लागते: जुन्या आज्ञा पुसायचं बटण दाबलं नाही, तर नव्या आज्ञा त्यांच्याच मागे जोडल्या जातात आणि रोबो भलतीकडे निघतो.

बी-बॉटची खरी अडचण अशी की दाबलेली बटणं कुठे दिसत नाहीत. चौथी आज्ञा चुकली हे चार वर्षांच्या मुलाने शोधायचं कसं? म्हणून बाणांच्या चिठ्ठ्या आधी जमिनीवर ओळीने मांडायच्या, मग बटणं दाबायची. क्युबेटो या लाकडी रोबोत ही सोय आतच आहे. आज्ञा म्हणजे पाटीत बसवायचे रंगीत ठोकळे, त्यामुळे अख्खा क्रम डोळ्यांसमोर राहतो आणि चुकलेला ठोकळा काढून बदलता येतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोबो द्यायचाच झाला तर मी तोच देईन, पण तो खिशाला जड आहे. स्वस्तातला पर्याय म्हणजे कोड अँड गो रोबो माउस. त्याचं पाऊल ५ इंचांचं, तेव्हा फरशीचा हिशेब जुळत नाही, चौकोन वेगळे आखावे लागतात.

गोष्ट आणि रोबो यांत वैर नाही, हे एका अभ्यासातूनही दिसतं. अमेरिकेत मरिना बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांना आठवडाभर रोबोच्या आज्ञा रचायला दिल्या. क्रमाची समज तपासली ती मात्र गोष्टीची चित्रं ओळीने लावायला सांगून, आणि ती सुधारली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग घ्यायचं काय? चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर पैसे ठेवून द्या. गोष्ट सांगा, तिची पाच चित्रं काढा, विस्कटा, लावायला द्या. साडेचार-पाचनंतर, गोष्ट कारणासकट सांगता येत असेल, तर रोबोची मजा आहे. एकट्या मुलासाठी विकत घेण्याआधी शाळेत किंवा ओळखीत आहे का बघा, कारण घरी तो लवकर कपाटात जातो. वर्गासाठी घेत असाल तर वीस मुलांत एक रोबो म्हणजे एकोणीस जणांनी नुसतं बघायचं. त्यापेक्षा एका मुलाला रोबो करा, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या. फुकट आहे आणि हसून पुरेवाट होते.

आमच्याकडे आम्ही दोन्ही एकत्र केलं. चौकोनांत धोबी, रंगारी, शिंपी यांची चित्रं ठेवली आणि रोबो माउसच्या हाती चिंधी दिली, म्हणजे पाठीला चिकटवली. एका मुलाने जवळची वाट काढून उंदराला थेट शिंप्याकडे नेलं, एकही आज्ञा न चुकता. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली चिमुरडी म्हणाली, ‘पण बाई, त्याची चिंधी तर अजून मळकीच आहे!’