शिवाजीनगरचा मुलाखत-तयारी वर्ग: ७,६७० रुपयांत काय मिळाले

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाल्यानंतर पाच महिने मी कराडजवळच्या गावी घरीच होतो. आमच्या महाविद्यालयात कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या होत्या. त्यांच्या ॲप्टिट्यूड चाचणीत मी दोनदा अडकलो, आणि वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या ज्या एका कारखान्याने मुलाखतीला बोलावले, तेथे ‘स्वतःविषयी सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला माझी वाचा बसली. त्यानंतर मामांच्या आग्रहावरून पुण्यात शिवाजीनगर भागातील एका मुलाखत-तयारी वर्गात मी नाव घातले. वर्गाचे नाव येथे देत नाही. याच साच्याचे वर्ग शहरात बरेच आहेत आणि पुढे लिहिलेले त्यांतील कोणत्याही वर्गाची चौकशी करताना उपयोगी पडावे.

जाहिरातीत फी ६,५०० रुपये होती. प्रत्यक्षात १८ टक्के जीएसटी धरून ७,६७० रुपयांची पावती हातात पडली. कर घेण्याबद्दल तक्रार नाही, परंतु फोनवर दोन वेळा विचारूनही हा आकडा कोणी सांगितला नव्हता. मुदत २१ दिवसांची, रोज सकाळी तीन तास. पंचवीस जणांची तुकडी असेल असे सांगितले होते; आम्ही अडतीस होतो आणि उशिरा येणाऱ्यांना दाराशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसावे लागे.

पहिला आठवडा ॲप्टिट्यूडसाठी होता: काळ-काम-वेग, टक्केवारी, आगगाड्या, रक्ताची नाती. जे पुस्तक ‘अभ्यास साहित्य’ म्हणून दिले गेले, त्यापेक्षा जाड आणि उत्तरांचे स्पष्टीकरण असलेली पुस्तके अप्पा बळवंत चौकात चारपाचशे रुपयांत मिळतात. ज्यांची गणिते कच्ची आहेत त्यांना तेथूनच पुस्तक घेऊन घरी घड्याळ लावून सोडवणे परवडेल.

रेझ्युमेचा भाग मला सर्वांत निराशाजनक वाटला. आम्हाला जो नमुना दिला त्यात फोटो, वडिलांचे नाव, छंद म्हणून ‘वाचन आणि संगीत’ आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र, असा सगळा जुन्या बायोडाटाचा थाट होता. शिवाय मजकूर दोन रकान्यांत विभागलेला होता. अनेक कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते आणि अशा रकान्यांतला मजकूर ती पुष्कळदा एकमेकांत मिसळून टाकते, ही गोष्ट तेथे कोणी सांगितली नाही. पोशाखाच्या तासाला सर्वांना सरसकट टाय बांधायला शिकवले. आमच्यापैकी निम्म्यांहून अधिक जण उत्पादन विभागातील नोकरीसाठी धडपडत होते. फिरत्या लेथ यंत्राजवळ टाय घालून उभे राहू देत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्येच आम्ही शिकलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे पाठ करून घेतली गेली. तुमची कमजोरी कोणती, या प्रश्नाला ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर अडतीस जणांनी एका सुरात म्हटलेले मी ऐकले आहे. पुढे चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्या आधीच्या तुकडीतला एक मुलगा भेटला. तो आत जाऊन आला, मग माझी पाळी आली. कमजोरीचा प्रश्न आला, मी ‘सर, आय ॲम अ’ इतके म्हटले आणि समोरच्या गृहस्थांनी कागदावरून नजर न उचलता विचारले, “परफेक्शनिस्ट ना? आता तुमची खरी सांगा.” मी गोंधळलो, पण मग ड्रॉइंग वाचताना फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शन या दृश्ये मांडण्याच्या दोन पद्धतींत माझी गफलत होते आणि आता मी आधी कोपऱ्यातले चिन्ह पाहतो, असे सांगितले. त्यांनी लगेच एक ड्रॉइंग पुढे सरकवले. त्या मुलाखतीतली पुढची वीस मिनिटे बरी गेली.

हे सगळे असूनही पैसे पूर्ण वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण तिसऱ्या आठवड्यातल्या सराव मुलाखती आहेत. प्रत्येकाच्या तीन मुलाखती होतात, त्यांचे चित्रीकरण होते आणि दुसऱ्या दिवशी ते शिक्षकासोबत बसून पाहायचे असते. स्वतःला असे पाहणे फार अवघड जाते. पहिल्या सहा मिनिटांच्या चित्रफितीत मी ‘ॲक्चुअली’ हा शब्द चौदा वेळा उच्चारला होता आणि उत्तर सुचेपर्यंत पेनचे टोपण उघडझाप करत होतो. आरशासमोर कितीही बोललो असतो तरी हे मला कळले नसते. तिसऱ्या वेळी ‘ॲक्चुअली’ तीनवर आले. पेन मी खिशातून काढलेच नाही.

येथे शिकवणाऱ्या तिघांपैकी एक जण भोसरीच्या एका कारखान्यातील गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेले आहेत. या वर्गाचा खरा ऐवज तेच. माझ्या दुसऱ्या सराव मुलाखतीत त्यांनी टेबलावर मायक्रोमीटर हे सूक्ष्म माप घेण्याचे उपकरण आणि एक पिन ठेवली.

“किती आहे?”

“बारा पॉइंट सदतीस, सर.”

“आधी बंद करून बघितलास का?”

बघितले नव्हते. जबडे मिटवले तेव्हा थिंबल, म्हणजे आकडे असलेली फिरती नळी, शून्याऐवजी तीनवर, म्हणजे ०.०३ मिलिमीटरवर होती. झिरो एरर वजा करता पिन १२.३४ मिलिमीटरची होती. लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ०.०१ मिलिमीटर असते हे मी पुस्तकात दहा वेळा वाचले होते, परंतु उपकरण हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची हे त्या दिवशी अंगात मुरले.

प्रसंग, त्यात आपल्यावर असलेली जबाबदारी, आपण केलेली कृती आणि तिचा परिणाम, या क्रमाने उत्तर बांधण्याची पद्धत इतर शिक्षकांनीही सांगितली. मात्र तिचा वापर कसा करायचा हे या सरांनीच दाखवले. वर्गात इंग्रजीखेरीज बोलायचे नाही असा नियम आहे आणि तो हेतूने योग्यही असेल, पण त्यामुळे काही मुले पार मुकी होतात. लातूरकडचा एक मुलगा आपल्या प्रोजेक्टविषयी इंग्रजीत दोन वाक्यांपुढे जाईना. सरांनी त्याला मराठीत सांगायला लावले, तेव्हा पेरणी यंत्राच्या तबकडीत सोयाबीनचे बियाणे कसे फुटत होते, भोकांच्या कडा घासून गोल केल्यावर ते कसे थांबले आणि त्यासाठी त्याने किती वेळा शेतात फेऱ्या मारल्या, हे तो सलग पाच मिनिटे बोलला. मग त्याच मुद्द्यांची त्याने तोडकीमोडकी का होईना इंग्रजी वाक्ये केली. ती पाठ केलेल्या उत्तरांहून कितीतरी जिवंत होती.

‘१०० टक्के प्लेसमेंट सहाय्य’ या शब्दांतला ‘सहाय्य’ हा शब्द नीट वाचावा. सहाय्य म्हणजे एक व्हॉट्सॲप गट असून नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर कोणालाही दिसणाऱ्या जाहिराती त्यात पुढे ढकलल्या जातात. माझी चाकणची मुलाखत मी स्वतः अर्ज करून मिळवलेली होती.

तुलनेसाठी टीसीएस कंपनीच्या आयऑन या विभागाचा ‘करिअर एज – यंग प्रोफेशनल’ हा पंधरा दिवसांचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम मी नंतर केला. रेझ्युमे, गटचर्चा, कार्यालयीन संवाद हे विषय त्यात व्यवस्थित येतात. तेथे आपले उत्तर ऐकून मध्येच अडवणारे माणूस मात्र नसते, आणि मला पैसे मोजावेसे वाटतात ते त्या माणसासाठी.

म्हणून पूर्ण अभ्यासक्रमाला मी पाचपैकी अडीच गुण देईन, सराव मुलाखतींना साडेचार. हा वर्ग चित्रीकरणासह नुसती सराव मुलाखतही घेतो. एका मुलाखतीचे ९०० रुपये, कर वेगळा. हे फलकावर कोठेही लिहिलेले नाही, कार्यालयात विचारावे लागते. निवृत्त सर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. वेळ घेताना तेवढे सांगून ठेवावे.