प्रकाशित संशोधन की स्वतःची नोंदवही?

परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या सोलापुरातील एका महाविद्यालयीन कक्षाच्या प्राध्यापिकेपुढे प्रश्न आहे, की सल्ल्याला आधार म्हणून विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्थलांतरावरील प्रकाशित संशोधन घ्यावे, की आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवाव्यात.

पैशाचा फरक फारसा नाही. युनेस्को व ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांची आकडेवारी विनामूल्य मिळते. नोंदवहीला मात्र दरवर्षी पाठपुरावा करणारे माणूस लागते, आणि त्याची बदली झाली की काम थांबते.

खरा फरक नेमकेपणात आहे. प्रकाशित आकडे बहुधा देशपातळीवरचे व एकदोन वर्षे मागचे असतात. शिवाय युनेस्कोच्या व्याख्येत वर्षाहून कमी मुदतीचे विद्यार्थी-विनिमय सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे एका सत्रासाठी गेलेली विद्यार्थिनी तिथे दिसतच नाही. उलट, जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच राखून ठेवण्याचे खाते) वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर) दाखवताना चादर कारखान्यातील कामगाराच्या मुलाकडे बँकेने कर्जासाठी कोणते तारण मागितले, हे नोंदवहीतच सापडेल. दोष तिच्यातही आहे: ज्यांचे बरे चालले आहे तेच सहसा फोन उचलतात, आणि दहाबारा नावांवरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नव्हेच. ही त्रुटी ओळखायला शेवटी संशोधनाचीच शिस्त लागते.

देश किंवा अभ्यासक्रम अजून ठरवायचा असलेल्यांसाठी प्रकाशित संशोधन बरे. प्रवेशपत्र हाती पडून कर्ज, व्हिसा, खोली यांच्या धावपळीत असलेल्यांना नोंदवही उपयोगी. नव्या कक्षाने मात्र नोंदवहीतील प्रश्न संशोधनातून उचलावेत, म्हणजे पुढे दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतील.