छोट्या क्रॉसओव्हरला लिफ्ट किट आणि ऑल टेरेन टायर: वापरून कसं वाटलं
गाडीला ३० एमएमचं स्पेसर लिफ्ट किट (सस्पेंशनमध्ये ठोकळे घालून गाडी उंच करणारं) आणि ऑल टेरेन टायर (डांबरी अन् कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) बसवलेत, आणि खरं सांगू का, जास्त फरक टायरने पडलाय. साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) जाड आहे त्यामुळे धारदार दगडांवरनं जाताना जीव मुठीत धरावा लागत नाही, आणि वाळूत हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी न रुतता मस्त निघते (परत डांबरीवर आलं की लगेच हवा भरायची, यात आळस नको). लिफ्ट किट पण चांगलंय, फक्त याच्यापेक्षा उंच जाऊ नका, या गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) असतं, उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) कोन वाढतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचं (वाकूनही फिरणारा सांधा) रबरी बूट घासून फाटतं, ग्रीस बाहेर पडतं अन् वळताना कटकट आवाज सुरू. किटनंतर व्हील अलाइनमेंट मस्ट. मायलेज थोडं पडतं, हायवेवर टायरचा आवाज येतो, चालतंय. पण या सगळ्याच्या आधी इंजिनखाली स्टीलची स्किड प्लेट लावाच, ऑइल सम्पला (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) एक दगड बसला की ट्रिप तिथेच संपली. आणि रूफ रॅकवर जड सामान नको, उंच केलेली गाडी वळणावर जास्त झुकते.