नटसम्राट, अस्तु की अनुमती : वृद्ध पित्याच्या तीन भूमिकांचा तुलनात्मक आढावा

वृद्ध वडील केंद्रस्थानी असलेला एखादा मराठी चित्रपट घरच्या मंडळींसोबत बसून पाहायचा असे ठरले, की तीन नावे हमखास पुढे येतात. पहिला महेश मांजरेकर यांचा ‘नटसम्राट’, जो १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दुसरा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’, जो २०१३ साली पूर्ण होऊनही चित्रपटगृहांत २०१६ मध्येच पोहोचला. आणि तिसरा गजेंद्र अहिरे यांचा २०१३ सालचा ‘अनुमती’. हे तिन्ही चित्रपट अलीकडेच ओळीने पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांच्या कथांपेक्षा त्यांतील अभिनयाची तुलना अधिक उद्बोधक वाटली. एकाच संध्याकाळी एकच पाहता येणार असेल, तर निवड कशाच्या आधारे करावी, याचा विचार म्हणूनच येथे अभिनयाच्या अंगाने केला आहे.

तिन्ही चित्रपटांचे नायक रंगभूमीवरून आलेले आहेत, ही बाब तुलनेला सोयीची आहे. नाना पाटेकर यांनी जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ या नाटकातून रंगमंच गाजवला, डॉ. मोहन आगाशे यांचा ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस हा मराठी नाट्येतिहासाचा भाग झाला आहे, आणि विक्रम गोखले यांना तर अभिनय घरातूनच मिळालेला. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले या भारतीय चित्रपटसृष्टीतील पहिल्या अभिनेत्री, आणि वडील चंद्रकांत गोखले हे स्वतः नामवंत नट. नाटकात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय लागलेल्या नटाने, कॅमेरा हातभर अंतरावर आल्यावर त्या आवाजाचे काय करायचे, या प्रश्नाला या तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली आहेत. ही उत्तरे पारखण्याची माझी कसोटी साधी आहे. म्हातारा बोलत असताना त्याचे बोलणे कोण ऐकते आहे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय घडते आहे, हे मी पाहतो. वृद्धाची भूमिका एकट्या नटाच्या बळावर क्वचितच उभी राहते. समोरचे माणूस थकले, दुखावले किंवा विरघळले, तरच आपल्याला त्या म्हाताऱ्याचे वजन कळते.

‘नटसम्राट’च्या बाबतीत मूळ नाटकाची आठवण टाळता येत नाही. वि. वा. शिरवाडकर यांचे हे नाटक १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेले निवृत्त नट गणपतराव तथा अप्पा बेलवलकर इतके प्रभावी ठरले, की पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली, तरी प्रत्येकाला त्या पहिल्या अप्पांशी झुंजावे लागले. नाना पाटेकर यांनी ही झुंज शहाणपणाने टाळली आहे. लागूंचे अप्पा भारदस्त होते, तर नानांचे गणपतराव मुळातच फटकळ, चेष्टेखोर आणि थोडे आडदांड आहेत. निवृत्तीनंतर सारी मिळकत मुलांना वाटून टाकण्याचा निर्णय लागूंच्या तोंडी एखाद्या राजाच्या दानासारखा वाटे. नानांच्या तोंडी तो भरात आलेल्या माणसाने मागचा-पुढचा विचार न करता केलेला उधळेपणा वाटतो, आणि पुढची फरफट त्यामुळे अधिक खरी होते.

नानांची वाक्य तोडून फेकण्याची, मध्येच थबकण्याची आणि मग दोन-तीन शब्द एका दमात सोडून देण्याची लकब सर्वांच्या परिचयाची आहे. ही लकब संवादांत उपयोगी पडते, पण स्वगतांत मात्र अडचणीची ठरते. शिरवाडकरांच्या स्वगतांना एक आतली लय आहे. ती लांब श्वासावर पेलावी लागते आणि तोडली की तिच्यातले काव्य निसटून आवेश तेवढा शिल्लक राहतो. घराची याचना करणाऱ्या प्रसिद्ध स्वगतात नाना आपल्याला हलवतात यात शंका नाही, परंतु ज्यांनी लागूंचे ध्वनिमुद्रण ऐकले आहे त्यांना शब्दांच्या चढ-उतारातील फरक जाणवल्यावाचून राहणार नाही. याउलट मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो त्या प्रसंगात, जेथे गणपतरावांना बोलायला शब्दच सापडत नाहीत, तेथे नाना या चित्रपटातील आपल्या सर्वोच्च पातळीवर आहेत. मृण्मयी देशपांडे यांनी मुलीच्या भूमिकेत दाखवलेली घुसमट येथे फार मोलाची ठरते, कारण वडिलांवर संशय घेताना ती स्वतःलाही दुखावते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मुलाच्या आणि सुनेच्या व्यक्तिरेखांना पटकथेने एवढी आतली बाजू दिलेली नाही. ती दोघे कथेला पुढे ढकलण्यापुरतीच आहेत.

‘नटसम्राट’ निवडावा की नाही, याचा निर्णय ज्या दोन व्यक्तिरेखांवर सोपवावा, त्या म्हणजे मेधा मांजरेकर यांची कावेरी आणि विक्रम गोखले यांचे रामभाऊ. कावेरी कमी बोलते, आणि नवरा तिला ‘सरकार’ म्हणून हाक मारत असताना त्याच्या प्रत्येक अतिरेकाची किंमत आपल्याला मोजावी लागणार, हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. गणपतरावांच्या मित्राला, म्हणजे रामभाऊंना, चित्रपटाने मोठी जागा दिली आहे आणि तो निर्णय फार फलदायी ठरला आहे. गोखले आपला आवाज मुद्दाम खाली ठेवतात. समोर नाना भडकत असताना ते नजरेने, भुवईने आणि एखाद्या अर्धवट हसण्याने उत्तर देतात. रुग्णालयात हे दोन म्हातारे नट कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात, तेव्हा नानांनाही आपली लकब बाजूला ठेवून ऐकावे लागते, आणि संपूर्ण चित्रपटात त्यांचा अभिनय इतका संयत क्वचितच झाला आहे. अभिनयाच्या अभ्यासकाने एवढ्या एका प्रसंगासाठी जवळजवळ पावणेतीन तासांचा हा चित्रपट पाहिला, तरी वेळ वाया जाणार नाही.

‘अस्तु’मध्ये आपण अगदी वेगळ्या प्रदेशात येतो. डॉ. आगाशे यांनी येथे स्मृतिभ्रंश झालेल्या चक्रपाणी शास्त्री या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. मुलगी इरा काही खरेदीसाठी गाडीतून उतरते, तेवढ्यात शास्त्रींना रस्त्यावरून जाणारा हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्यामागे चालू लागतात. पुढचा चित्रपट या शोधाचा आणि शोध घेता घेता इराच्या मनात उलगडत जाणाऱ्या आठवणींचा आहे. आगाशे हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आहे, हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्यांच्या अभिनयात आजाराची लक्षणे शोधू लागेल. लक्षणे तेथे आहेतच : नजर वस्तूवर असूनही तिच्यापलीकडे जाणे, प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नातलाच एखादा शब्द उचलणे, हातांनी कपड्याच्या कडेशी चाळा करणे. पण त्यांचे खरे कौशल्य लक्षणांच्या पलीकडचे आहे. माणसांची नावे विसरलेला हा पंडित एखादा श्लोक मात्र शुद्ध उच्चारांसह म्हणतो, आणि त्या क्षणी त्याची जुनी विद्वत्ता, जुना दरारा आणि आजचे बालपण एकाच चेहऱ्यावर एकत्र दिसतात. ‘घाशीराम’मधील नाना फडणवीसाचे शैलीदार, प्रत्येक पावलाला तोलून टाकलेले चालणे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना शास्त्रींची ही दिशाहीन, कुतूहलाने भरलेली चाल पाहून एकाच नटाच्या देहात किती टोकाच्या दोन शक्यता आहेत याचा अचंबा वाटेल.

अर्थात ही भूमिका प्रेक्षकापर्यंत पोहोचते ती तीन स्त्रियांमुळे. इरावती हर्षे यांची इरा दमलेली आहे. तिला वडिलांवर राग येतो, त्या रागाची लाज वाटते आणि त्या लाजेचाही पुन्हा राग येतो. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या घरातील बाईचे हे फिरते चक्र मराठी पडद्यावर इतक्या प्रामाणिकपणे मी फारसे पाहिलेले नाही. देविका दफ्तरदार यांची धाकटी बहीण या जबाबदारीकडे वेगळ्या कोनातून पाहते, आणि दोघी बहिणींमधील तणाव कुणाचाही आवाज न चढवता उभा राहतो. आणि मग येते अमृता सुभाष यांची चन्नम्मा. माहुताच्या या बायकोची भाषा कन्नड आहे, तिला या गृहस्थांच्या विद्वत्तेचा पत्ता नाही, आणि घरात खाणारी तोंडे पुरेशी असताना हा एक अनोळखी म्हातारा तिला ‘आई’ म्हणू लागतो. या विचित्र हाकेला ती ज्या सहजपणे उत्तर देते, त्यात दयेचा किंवा थोरपणाचा जराही भास नाही; तिच्या लेखी आणखी एक मूल आले आहे, एवढेच. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचे. ही दोन्ही पारितोषिके एकत्र पाहावीत, कारण चन्नम्माचे संवाद इतके थोडके आणि नेमके लिहिले आहेत, की अभिनेत्रीला शब्दांच्या मधल्या जागांत काम करायला भरपूर वाव मिळतो.

‘अस्तु’त उणिवा नाहीत असे नाही. काही प्रसंगांत पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी स्मृती, मन आणि स्वत्व यांविषयी प्रेक्षकांशी बोलत आहेत असे वाटते. इराच्या पतीच्या भूमिकेत मिलिंद सोमण समजूतदार दिसतात, परंतु त्यांच्या वाट्याला समजूतदारपणाखेरीज दुसरे फारसे काही आलेले नाही. गतीच्या बाबतीतही हा चित्रपट सावकाश चालतो, आणि भूतकाळ व वर्तमान यांतील ये-जा पहिल्या पाहण्यात थोडी गोंधळात टाकते.

‘अनुमती’ची चर्चा तुलनेने कमी होते. पत्नी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर आहे, उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर जातो आहे, आणि ही यंत्रणा काढून घेण्यास वडिलांनी संमती द्यावी असे मुलाचे म्हणणे आहे; वडील मात्र पैशांच्या शोधात निघतात आणि तो शोध त्यांना कोकणापर्यंत घेऊन जातो. विक्रम गोखले यांना या भूमिकेसाठी २०१२ सालच्या चित्रपटांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक इरफान खान यांच्यासह विभागून मिळाले. माझ्या कसोटीच्या दृष्टीने हा चित्रपट विशेष लक्षणीय आहे, कारण येथे नायकाचे बोलणे ज्या एकमेव माणसाने ऐकायला हवे, ती पत्नीच ऐकू शकत नाही. नीना कुळकर्णी यांच्या रुग्णशय्येशेजारी गोखले जे बोलतात, त्याला कोठूनही प्रतिसाद येत नाही, आणि नटाला सारा भार स्वतःच्या श्वासावर पेलावा लागतो. सुबोध भावे यांनी मुलाला खलनायक होऊ दिले नाही, हे या चित्रपटाचे मोठे भाग्य आहे. त्याचा हिशेब चुकीचा नाही आणि बापाचा हट्टही चुकीचा नाही, असा पेच त्यामुळे टिकून राहतो. रीमा लागू यांच्याबरोबरचे कोकणातील प्रसंग मात्र तुलनेने सैल आहेत. दोघेही नट मोठे असल्याने ते पाहवतात, पण पटकथेचा ताण तेथे उतरतो.

निवड करताना घरात कोण आहे, हा प्रश्न निर्णायक ठरावा. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे किंवा नुकताच होऊन गेला आहे, त्यांनी निःसंशय ‘अस्तु’ निवडावा. त्यांच्या रोजच्या थकव्याला इराच्या रूपाने आवाज मिळालेला तेथे सापडेल. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसण्याचे दिवस ज्यांनी अलीकडेच काढले आहेत, त्यांनी ‘अनुमती’ काही काळ बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन, कारण गोखले यांनी तो निर्णयाचा भार फारच जवळ आणून ठेवला आहे. ‘नटसम्राट’ मोठ्या कुटुंबासोबत पाहायला सर्वांत सोपा आहे : त्यात विनोद आहे, गाजलेले संवाद आहेत, आणि नाटकाच्या आठवणी सांगणारे कोणी ज्येष्ठ शेजारी बसले असतील तर मध्यंतरानंतरही चर्चा रंगेल. लहान मुले सोबत असतील तर मद्यपानाचे प्रसंग आणि गणपतरावांची मोकळी भाषा यांचा विचार आधी करून ठेवावा. मुले आणि ज्येष्ठ पालक एकाच खोलीत बसलेले असताना आई-वडिलांना घराबाहेर काढणाऱ्या अपत्यांची कथा पाहणे काही घरांत अवघडही होते, आणि तेथे ‘अस्तु’ अधिक सुसह्य ठरतो, कारण त्यात कुणाकडेही बोट दाखवलेले नाही.

केवळ अभिनयावर निर्णय द्यायचा झाल्यास मी पहिला क्रम ‘अस्तु’ला देईन, आणि तो आगाशे यांच्याइतकाच हर्षे आणि सुभाष यांच्यामुळे. दुसरा क्रम देताना मात्र मी नाना पाटेकर यांचा ‘नटसम्राट’ आणि गोखले यांचा ‘अनुमती’ यांत अडखळतो. गोखले या एकाच नटाने दोन चित्रपटांत दोन वेगळ्या प्रकारे मौन वापरलेले पाहण्यासाठी हे दोन्ही पाहणे श्रेयस्कर आहे, आणि वेळ नसल्यास ‘अनुमती’ आधी घ्यावा, कारण तो लहान आहे आणि त्यात गोखले यांना पूर्ण पट मिळाला आहे. तिन्ही पाहायचे असतील तर ‘नटसम्राट’ शेवटी ठेवणे बरे. नानांचा चढा स्वर कानांत बसल्यावर शास्त्रींचे पुटपुटणे ऐकायला कान तयार होण्यास बराच वेळ जातो, आणि तेवढ्यात इराच्या सुरुवातीच्या प्रसंगांतले कितीतरी निसटते.