एम.एस्सी. नर्सिंग की नर्स प्रॅक्टिशनर?

बी.एस्सी. नर्सिंगनंतर वर्षभर वॉर्डात काम केलेल्या नोंदणीकृत परिचारिकेपुढे भारतीय परिचर्या परिषदेने आखलेले, प्रत्येकी 2 वर्षांचे दोन पदव्युत्तर मार्ग आहेत. एम.एस्सी. नर्सिंगमध्ये बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग यांसारख्या शाखांमधून निवड करता येते. मात्र अध्यापनशास्त्र, व्यवस्थापन आणि संशोधन प्रबंध यांनाही त्यात मोठे स्थान असल्याने हा अभ्यास प्रामुख्याने महाविद्यालयातील अध्यापनाकडे नेतो.

दुसरा मार्ग क्रिटिकल केअरमधील (अतिगंभीर रुग्णांच्या सेवेतील) नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे ठरलेल्या चौकटीत रुग्णाबाबत निर्णयही घेणाऱ्या परिचारिकेचा. हा अभ्यासक्रम निवासी स्वरूपाचा असून त्याचा बहुतांश काळ अतिदक्षता विभागातच जातो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची सखोल तपासणी, रक्तवायूंच्या अहवालाचा अर्थ लावणे, औषधांचे परिणाम ओळखणे आणि संस्थेने ठरवलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत निर्णय घेणे येथे प्रत्यक्ष रुग्णापाशीच शिकवले जाते. प्रबंध येथेही चुकत नाही. अडचण पदवीनंतरची आहे: अनेक रुग्णालयांत या पदाची स्वतंत्र जागाच नाही.

त्यामुळे रुग्णसेवेतच राहायचे असेल तर माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, परंतु प्रवेशापूर्वी हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या रुग्णालयातील आधीचे विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, हे अवश्य विचारावे.