३१ इंची उभा पिंजरा: रात्रीच्या मुक्कामाला उत्तम, दिवसभर कोंडायला नाही

माझ्याकडे दोन कॉकाटील आहेत, म्हणजे डोक्यावर तुरा असलेले छोटे ऑस्ट्रेलियन पोपट. राखाडी नर बाळू आणि ल्युटिनो, म्हणजे पिवळट रंगाच्या प्रकारातली मादी चिंगी. बदली झालेल्या एका कुटुंबाकडून दोघं आमच्याकडे आली ती फुटबॉलएवढ्या गोल पिंजऱ्यात बसून. चिंगीच्या शेपटीची टोकं गजांवर घासून झिजली होती. त्या जागी हा पिंजरा ऑनलाइन मागवला. काळं पावडर कोटिंग, रुंदी ३१ इंच, खोली २० इंच, स्टँड आणि चाकांसकट उंची साधारण साडेचार फूट, दोन गजांमधलं अंतर अर्धा इंच. अकरा हजारांच्या थोडा वर पडला. सगळे ऋतू त्याने आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये बघून झाले आहेत, म्हणून आता लिहिते.

पिंजरा घेताना लोक उंची बघतात. दुकानदारही उंचच दाखवतात, कारण तो कोपऱ्यात मावतो. पण पक्षी लिफ्टसारखा वरखाली जात नाही, आडवा उडतो. कॉकाटील चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत फूटभर असतो आणि पंख पसरले की आडवीही जवळपास तेवढीच जागा लागते. त्यामुळे रुंदी आधी बघा. या पिंजऱ्यात दोघांना एका दांडीवरून दुसरीवर पंख मारत जाता येतं, शेपटी कुठे अडकत नाही, एकमेकांपासून रुसून लांब बसता येतं. गोल पिंजऱ्यात यातलं काहीच होत नव्हतं. पण याला उडणं म्हणू नका. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात हे पक्षी पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात थव्याने लांब लांब जातात. त्या शरीराला ३१ इंच म्हणजे दोन वेळा पंख फडफडवण्यापुरती जागा आहे. कितीही महागडा पिंजरा आणला तरी हे बदलत नाही.

म्हणून या पिंजऱ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे समोरची दोन मोठी दारं. ती पूर्ण उघडतात आणि हुकाने उघडीच राहतात, वाऱ्याने आपटत नाहीत. दाराच्या आत आणि बाहेर मी पेरूची एक लांब फांदी आडवी बसवली आहे. सकाळी दार उघडलं की दोघं त्या फांदीवर येतात, आळस देतात आणि मग खोलीभर दोन-तीन फेऱ्या मारतात. दमले की आपणहून परत येतात, कारण दाणापाणी आतच ठेवते. हात घालून पकडावं लागत नाही. पकडण्यासाठी मागे धावलं की पक्ष्याचा माणसावरचा विश्वास जातो, आणि मग बाहेर सोडणंच बंद होतं. अरुंद दाराच्या पिंजऱ्यांचं खरं दुखणं हेच आहे.

मोकळं सोडण्याच्या बाजूची मी आहे, पण आपल्या घरांत एक मोठा धोका आहे, छताचा पंखा. परदेशी व्हिडिओंमध्ये तो दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही. फिरतं पातं पक्ष्याला उमगत नाही. आमच्याकडे त्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असते आणि पक्षी बाहेर असेपर्यंत ती कुणी काढायची नाही, पाहुण्यांनीही नाही. मे महिन्यात दुपारी नाशिक चाळिशीला टेकतं तेव्हा पंखा लागतोच. त्या वेळी पक्षी आत, दार बंद. उडणं पहाटे आणि दिवेलागणीला. खिडकीला जाळी, आरशावर कापड, बादलीवर झाकण. स्वयंपाकघराचं दार बंद, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. एवढं जमत नसेल तर पक्षी पाळू नका, असं मी तोंडावर सांगते.

दिवसरात्र पिंजऱ्याबाहेरच ठेवणारेही मला भेटतात. त्यांना मी रात्रीचं विचारते. कॉकाटील अंधारात दचकतात. भिंतीवर पाल सरकली, वीज चमकली, दिवाळीत कुठे सुतळी बॉम्ब फुटला की आंधळेपणाने पंख मारत सुटतात. ल्युटिनोंमध्ये हे जास्त दिसतं, असं पाळणाऱ्यांचं म्हणणं आहे आणि चिंगीबाबत मला ते पटलं आहे. मोकळ्या खोलीत असं झालं तर भिंत, कपाट, काच. या पिंजऱ्यात ती फार तर गजांना लागून थांबते आणि शेजारच्या मंद दिव्याच्या उजेडात पुन्हा दांडी शोधते. मला पिंजरा हवा आहे तो या कामासाठी.

आता तक्रारी. सोबत आलेल्या दांड्या प्लास्टिकच्या, सगळ्या एकाच जाडीच्या. त्यावर सतत बसून पायांच्या तळव्यांना फोड येतात. मी त्या काढून पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावल्या. त्या दोघं कुरतडतात, त्यांची चोचही झिजते. दाण्याच्या वाट्यांची छोटी दारं वर सरकणारी आहेत. बाळू ती चोचीने उचलतो, आणि सुटलेलं दार मानेवर पडू शकतं. प्रत्येक दाराला क्लिप लावावी लागली. एवढे पैसे घेऊन कंपनीने क्लिपा द्यायलाच हव्या होत्या. खालचा ट्रे सहज ओढता येतो, धुवायला सोपा. मात्र पावसाळ्यात त्याच्या एका कोपऱ्यावर गंज दिसला, तो ट्रे मी बदलून घेतला. चाकं फरशीवर छान फिरतात.

स्थानिक कारागिराकडून वेल्डमेशचा पिंजरा निम्म्या किमतीत होतो, तोही विचार केला होता. पण ती जाळी बहुधा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली असते, आणि पोपटवर्गातले पक्षी दिवसभर गज चावतात. पोटात जस्त गेलं तर विषबाधा होते. पावडर कोटिंगला मी त्यासाठी जास्तीचे पैसे दिले. कोटिंगचा पोपडा निघतो का, हे दर आठवड्याला बघते.

एका दुकानात दाणे घ्यायला गेले तर तिथल्या माणसाने विचारलं, "ताई, पिसं कापून देऊ का? मग उडायची भानगडच नाही." असं काही करून घेऊ नका. पिसं पुढच्या पिसगळीनंतर परत येतात, पण तोवर पक्षी धपकन छातीवर पडतो, घाबरट होतो. उडणं हाच त्याचा व्यायाम आहे.

सासूबाई सिन्नरच्या. त्या आल्या की म्हणायच्या, "अगं, पाप लागतं. दार उघड नि जाऊ दे त्यांना आभाळात." त्यांची कळकळ मला समजते. देशी पोपट असता तर मीही वन विभागालाच कळवलं असतं. आपला कंठवाला पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि झाडावरच्या ढोलीतून काढलेलं पिल्लू विकत घेणाऱ्याला माझ्याकडे क्षमा नाही. पक्ष्यांना उडण्याचा हक्क आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं, तेही मला मनापासून पटतं. पण बाळू-चिंगीच्या कित्येक पिढ्या माणसांच्या घरांत वाढल्या. त्यांना इथलं खाणं शोधता येत नाही, शिक्रा ओळखता येत नाही. गच्चीवरून सोडली तर कावळे संध्याकाळही होऊ देणार नाहीत. हे आईंना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. आता त्या आल्या की सकाळचं दार त्याच उघडतात आणि राळ्याचं कणीस हातात धरून बसतात.

मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा दांड्या आणि क्लिपांसाठी कापला. एका किंवा दोन कॉकाटीलसाठी, किंवा चार-सहा बजरीगरांसाठी (कॉकाटीलहून लहान पोपट) घ्या. यापेक्षा मोठ्या पोपटासाठी हे गज फार बारीक आहेत, तो वाकवेल. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, त्यामुळे घरात रोज दार उघडायला कुणी आहे का, हे पैसे भरण्याआधी ठरवा. आणि मागवताना विक्रेत्याला सुटा ट्रे वेगळा मिळतो का तेवढं विचारून घ्या. मला तो मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला.