'ते', 'ती' आणि 'तुई': रोबोच्या तीन गोष्टींतली कुठली निवडाल?

माणसासारख्या रोबोची गोष्ट हाती आली की मी आधी सर्वनाम बघतो. समोरच्याला माणूस काय म्हणून हाक मारतो, यावरून त्या दोघांचं नातं लगेच कळतं.

रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर'मध्ये (१९८२) रेप्लिकंट, म्हणजे माणसाने बनवलेली कृत्रिम माणसं, आणि खरी माणसं दिसायला सारखीच. म्हणून ओळख पटवायला यंत्र लागतं: प्रश्न विचारायचे, डोळ्याची बाहुली न्याहाळायची आणि आत कुठे कणव हलते का ते मोजायचं. एरवी वीस-तीस प्रश्नांत निकाल लागतो. रेचेल नावाच्या तरुणीच्या वेळी शंभरी ओलांडते. ती खोलीबाहेर गेल्यावर परीक्षक डेकर्ड तिच्याबद्दल बोलतो ते नपुंसकलिंगात. पुढे तो याच 'ते'च्या प्रेमात पडतो. सिनेमा संथ आहे, अंधारा आहे, पाऊस तर थांबतच नाही. धीर असेल तरच लावा, आणि लावाल तर २००७ची 'फायनल कट' आवृत्ती. मूळच्या आवृत्तीतलं निवेदन आणि गोड शेवट दोन्ही उपरे वाटतात.

अ‍ॅलेक्स गार्लंडचा 'एक्स मशिना' (२०१४) नेमका उलटा. एव्हाला चेहरा माणसाचा, पण हातापोटाच्या जाळीतून आतले भाग चमकताना दिसतात. ती यंत्र आहे हे तिची परीक्षा घ्यायला आलेल्या केलबला पहिल्या भेटीपासून ठाऊक आहे. तिला बनवणाऱ्या नेथनचा डावच तो: यंत्र आहे हे दिसत असूनही तुला ती जिवंत वाटते का? केलबच्या तोंडी सुरुवातीपासून 'ती'च येतं. मग परीक्षा नक्की कोणाची चाललीय, हा संशय त्यालाही छळू लागतो; एका रात्री तर तो स्वतःचाच हात ब्लेडने कापून आत काय आहे ते बघतो. माझं लक्ष मात्र वारंवार नेथनच्या घरात निमूटपणे जेवण वाढणाऱ्या क्योकोकडे जात होतं. तिच्याशी कोणी धड बोलतच नाही.

आणि इथेच सत्यजित राय यांची बंगाली कथा 'अनुकूल' मला जवळची वाटते. निकुंजबाबू एजन्सीतून घरकामाला अनुकूल नावाचा रोबो आणतात. तिथे त्यांना बजावलं जातं: याला 'तुमी' म्हणा, 'तुई' म्हणू नका, त्याला आवडत नाही. बंगालीतलं हे 'तुई' म्हणजे आपलं नोकरमाणसाला केलेलं अरे-तुरे. शिवाय हात उगारलात तर विजेचा झटका बसेल, हेही आलंच. इथे ना डोळे तपासणं, ना मुलाखत. घरात काम करणाऱ्याला कसं वागवता, एवढाच सवाल. परदेशी प्रेक्षकाला हे 'तुई' समजावून सांगावं लागेल, आपल्याला नाही.

त्यावर सुजॉय घोष यांनी २०१७मध्ये हिंदी लघुपट केला. त्यात निकुंज झालेले सौरभ शुक्ला हिंदीचे शिक्षक आहेत, आणि रोबोंमुळे नोकरी गेलेला एक नातेवाईक आपला राग अनुकूलवर काढतो. लांबी जेमतेम वीस मिनिटं.

थरार हवा असेल तर 'एक्स मशिना'. दृश्यांची भूक असेल तर 'ब्लेड रनर'. पण एकच निवडायचं असेल तर मी 'अनुकूल' लावेन, आधी कथा वाचून. घरातली सगळी सोबत बसणार असतील तर 'एक्स मशिना' नकोच. त्यात बरीच नग्नता आहे.